घरमालकाच्या भेटीसाठी चोवीस तासांची पूर्वसूचना करारातच हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे आणि जून हा पुण्यात भाडेकरारांचा हंगाम असतो. शाळा सुरू होण्याआधी कुटुंबे घर बदलतात, नव्याने नोकरीला लागलेली मुले-मुली हिंजवडी, वाकड, खराडी या भागांत फ्लॅट शोधतात आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी सदाशिव व नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळवतात. लिव्ह अँड लायसन्स करारांची ऑनलाइन नोंदणी करून देणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे दोन्ही बाजू करारावर अंगठा लावतात त्या वेळी मी समोर असतो. भाडे, अनामत, दलाली, लॉक-इन आणि रंगकामाचे पैसे यांवर तासन्‌तास घासाघीस होते. परंतु एकदा घर दिल्यावर मालकाने त्या घरात केव्हा यायचे, आधी कळवायचे की नाही आणि भाडेकरू घरात नसताना कुलूप उघडायचे की नाही, याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. करार झाल्यानंतर माझ्याकडे जे फोन येतात, त्यांत थकलेल्या भाड्याच्या तक्रारी कमी असतात आणि ‘मालक न सांगता घरात आले’ ही तक्रार वारंवार असते. या प्रश्नावर एक साधा, बिनखर्चाचा उपाय शासनाच्या हातात आहे, आणि तो सुचवण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

प्रथम घडते काय, ते सांगतो. एका खासगी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका भाडेकरू महिलेला महिन्यातला बराचसा काळ रात्रपाळी असते. सकाळी नऊच्या सुमारास घरी येऊन त्या दुपारपर्यंत झोपतात. करार संपायला अजून दोन महिने असताना मालकांनी नवीन भाडेकरू शोधायला सुरुवात केली आणि एका सकाळी दलाल दोन अनोळखी माणसांना घेऊन आला. त्याने बेल वाजवली; ती यांना ऐकू आली नाही. मग त्याने मालकांकडून आणलेल्या चावीने लॅच उघडले. या जाग्या झाल्या तेव्हा बेडरूमच्या दारात तीन पुरुष उभे होते आणि त्यांतला एक मोबाइलवर खोलीचे चित्रण करत होता. मालकांना फोन केल्यावर उत्तर मिळाले, ‘अहो, घर दाखवायला नको का? तुम्ही कामावर असाल असं वाटलं.’ मालक स्वभावाने वाईट नव्हते आणि त्यांनी नंतर दिलगिरीही व्यक्त केली. भाडेकरू कामावर गेलेली असली की तिच्या घरात तिला न विचारता माणसे नेता येतात, हे त्यांनी अगदी सहज गृहीत धरलेले होते. मला त्या घटनेपेक्षाही हे गृहीतक अधिक गंभीर वाटते, कारण ते एकट्या त्यांचे नाही.

दुसरा प्रकार पुण्यात सर्रास दिसतो, तो कुलूपबंद खोलीचा. तीन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने देताना मालक एका खोलीत किंवा माळ्यावर आपले सामान ठेवून कुलूप लावतात. भाडे त्या मानाने थोडे कमी घेतात आणि भाडेकरूही ते मान्य करतो. पुढे दिवाळीला पणत्यांची पेटी हवी असते, कधी जुनी कागदपत्रे लागतात, कधी पाहुण्यांसाठी गाद्या न्यायच्या असतात. त्या खोलीपर्यंत जाण्यासाठी भाडेकरूच्या दिवाणखान्यातूनच जावे लागते, आणि प्रत्येक वेळी मालक स्वतःच्या चावीने दार उघडून आत येतात. सामान त्यांचे आहे आणि ते नेण्याचा त्यांचा हक्कही आहे. पण त्या वाटेवर वाळत घातलेले कपडे, उघड्या पडलेल्या औषधांच्या गोळ्या, टेबलावरची बँकेची पत्रे आणि भिंतीवरचे फोटो हे सगळे भाडेकरूचे असते.

तिसरा प्रकार तपासणीचा. अविवाहित मुलींना घर दिले असेल तर कोण येते-जाते हे पाहायला, मुलांना दिले असेल तर सिगारेट-दारूचा वास येतो का हे पाहायला, आणि काही ठिकाणी स्वयंपाकघरात मांसाहार शिजतो का हे पाहायला मालक अवेळी येतात. फ्रिज उघडून पाहिल्याच्या तक्रारी मी स्वतः ऐकल्या आहेत. अलीकडे याला दारावरच्या कॅमेऱ्याची भर पडली आहे. सुरक्षेसाठी म्हणून बसवलेला हा कॅमेरा मालकाच्या मोबाइलला जोडलेला असतो आणि दार उघडले की त्यात थेट दिवाणखाना दिसतो. स्त्रियांचे खासगी क्षणांतले चित्रण करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, हे अनेक मालकांना ठाऊकही नसते. विद्यार्थ्यांच्या खोल्यांची स्थिती याहून बिकट आहे, कारण तिथे बहुतेकदा लेखी करारच नसतो.

आता कायद्याकडे येतो. ‘घर माझे आहे, मी केव्हाही येईन’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे, आणि त्याला उत्तर देताना भाडेकरूंचा आवाज खाली जातो, कारण मालकाचे म्हणणे कायद्याला धरून असावे असे त्यांनाही वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून राज्यात लागू आहे. त्याच्या कलम २८ नुसार मालकाला भाड्याने किंवा परवान्यावर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे. मात्र ती वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला पूर्वसूचना देऊनच करायची आहे. या कलमात भाडेकरूबरोबरच परवानाधारकाचाही उल्लेख आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपण ‘भाडेकरार’ म्हणतो तो बहुतेक सगळा व्यवहार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे परवान्याचा असतो. ‘हा भाडेकरू नाही, फक्त परवानाधारक आहे, त्यामुळे ताबा माझाच आहे आणि म्हणून मला विचारायची गरज नाही’ असा युक्तिवाद शिकलेसवरलेले मालक करतात, तेव्हा ते कलम २८ विसरतात. त्याखेरीज १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम १०८ मध्ये भाडे भरणाऱ्याला जागेचा उपभोग व्यत्ययाशिवाय घेऊ देण्याची मालकाची हमी गृहीत धरलेली आहे, आणि मालकाने पाहणीसाठी यायचे तेही वाजवी वेळी यायचे, असे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या कायद्यातही मालकाच्या येण्यावर वेळेचे बंधन होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या खटल्यात स्पष्ट केले की, परवान्याची मुदत संपली तरी प्रत्यक्ष स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येते. मुदत संपल्यावरही ज्याला इतके संरक्षण आहे, त्याच्या घरात मुदत चालू असताना वाटेल तेव्हा शिरता येईल, हे म्हणणे कुठल्याच तर्काला पटणारे नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो निर्णय मुख्यतः शासनाविरुद्धच्या हक्काचा आहे आणि घरमालकाशी होणारे रोजचे वाद त्याने थेट सुटत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु घराच्या चार भिंतींच्या आतले आयुष्य ही त्या हक्काची सर्वांत जुनी आणि सर्वांना समजणारी बाजू आहे, आणि घर स्वतःच्या नावावर आहे की भाड्याचे, यावर तो हक्क कमी-जास्त होत नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही अडचण कुठे येते? ती येते ‘वाजवी’ आणि ‘पूर्वसूचना’ यांच्या मोजमापात. कलम २८ मध्ये सूचना किती वेळ आधी द्यायची, लेखी द्यायची की तोंडी, आणि ती न दिल्यास काय होईल, यातले काहीही सांगितलेले नाही. जिन्यातून वर येता येता केलेला फोन ही मालकाच्या दृष्टीने पूर्वसूचना असते. रविवारी सकाळी सात ही एकाच्या दृष्टीने वाजवी वेळ असते आणि आठवडाभर उशिरापर्यंत काम केलेल्या दुसऱ्याच्या दृष्टीने ती झोपेची वेळ असते. शासनाच्या ई-नोंदणी प्रणालीत कराराचा जो तयार मसुदा येतो, त्यातही पाहणीचे एक कलम आहे. मालक किंवा त्याचा प्रतिनिधी वाजवी सूचना देऊन वाजवी कालावधीने घरात प्रवेश करू शकेल, अशा आशयाचे ते वाक्य आहे. राज्यात दरवर्षी होणाऱ्या असंख्य करारांत हे वाक्य जसेच्या तसे उमटते, त्यामुळे कायद्यात सोडून दिलेली संदिग्धता करारातही तशीच उतरते.

ही संदिग्धता न्यायालयात दूर करून घ्यावी, असे कोणी म्हणेल. पुण्यात आणि मुंबईत लघुवाद न्यायालये आहेत आणि मनाई हुकूम मागताही येतो. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस वकील करून, तारखा घेऊन, शिवाय दुसरे घर शोधताना ‘मालकावर केस केलेला’ असा शिक्का घेऊन हिंडेल, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग तर त्याहून अरुंद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आगळीक (दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरणे) आणि गृह-आगळीक (तसेच घरात शिरणे) यांची व्याख्या आहे, आणि ती दुसऱ्याच्या मालकीच्या जागेविषयी नसून दुसऱ्याच्या ताब्यातील जागेविषयी आहे. म्हणून मालकसुद्धा तत्त्वतः तिच्या कक्षेत येतो. परंतु तिथे गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. ‘नळ गळतो का ते पाहायला आलो होतो’ असे मालकाने सांगितले की चौकीत विषय संपतो. माझ्या मते असे बहुतेक प्रसंग फौजदारी स्वरूपाचे नसतातच. ते सवयीतून घडतात, आणि ती सवय मोडायला गुन्हा नोंदवण्यापेक्षा कागदावर आधीच लिहिलेले एक वाक्य अधिक उपयोगी पडेल.

मालकांची बाजूही मला मांडली पाहिजे, कारण माझे निम्मे ग्राहक तेच आहेत आणि त्यांची भीती निराधार नाही. महाराष्ट्रातल्या घरमालकाच्या मनात भाडेकरूविषयी जो अविश्वास आहे, त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूंना पिढ्यान्‌पिढ्यांचे संरक्षण मिळाले. त्यातून सुटका व्हावी म्हणून मालक ‘परवाना’ देऊ लागले, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू असलेल्या परवान्यांचे धारक भाडेकरू ठरवले गेले. ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती त्या अनेक कुटुंबांची घरे त्यामुळे अडकून पडली, आणि त्या कथा पुण्या-मुंबईच्या घराघरांत आजही सांगितल्या जातात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती, त्यामागे इतर कारणांबरोबर हीही एक भीती असणार. ‘एक पाय दारात असू द्यावा’ ही मालकाची वृत्ती तिथून आलेली आहे. स्वतःजवळची चावी आणि अधूनमधून मारलेली फेरी या त्याला आपला हक्क जिवंत ठेवण्याच्या खुणा वाटतात.

पण ज्या भीतीसाठी हे केले जाते, ती १९९९ च्या कायद्यानंतर उरण्याचे कारण नाही. त्या कायद्याच्या कलम २४ नुसार निवासी परवान्याची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो, परवानाधारकाला बचावासाठीसुद्धा आधी परवानगी मागावी लागते आणि जास्तीच्या मुक्कामासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मालकाचे खरे संरक्षण नोंदणीकृत करारात आहे. म्हणूनच कलम ५५ ने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. महिन्यातून चार वेळा घरात डोकावल्याने मालकाचा हक्क तसूभरही बळकट होत नाही, आणि वर्षभर डोकावले नाही म्हणून तो कमीही होत नाही. हे मी मालकांना समजावून सांगतो तेव्हा बहुतेकांना ते पटते. ज्येष्ठ नागरिक असलेल्या मालकांना तर मोठा दिलासा मिळतो, कारण दर महिन्याला जिने चढून जाण्याचा त्यांनाही कंटाळा आलेला असतो.

पोलीस पडताळणीचे कारणही पुष्कळदा पुढे केले जाते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश शहरोशहरीचे पोलीस आयुक्त काढतात आणि त्यांचे पालन मालकाने केलेच पाहिजे. परंतु ती माहिती एकदा दिली की त्याचे कर्तव्य पूर्ण होते. घरात कोण झोपले आहे हे वरचेवर तपासण्याचा अधिकार त्याला त्या आदेशातून मिळत नाही. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनाही तो नाही. भाडेकरूच्या दारात जाऊन ‘आज कोण पाहुणे आले आहेत’ असे विचारणारे सचिव मी पाहिले आहेत. घरमालकाला कलम २८ मुळे जो मर्यादित हक्क आहे, तेवढाही त्यांच्याकडे नसतो.

यातला एक फरक मात्र मी प्रामाणिकपणे नोंदवतो. मालक स्वतः राहत असलेल्या घरातली खोली पेइंग गेस्टला देतो, तेव्हा स्वयंपाकघर, दिवाणखाना, प्रवेशद्वार या जागा दोघांच्या असतात आणि तिथे मालकाचा वावर असणारच. अशा ठिकाणी स्वतंत्र फ्लॅटचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही पाहुण्याची खोली, त्याचे कपाट आणि त्याचे न्हाणीघर वापरात असतानाची वेळ या बाबतींत दार ठोठावून थांबण्याचा नियम तिथेही लागू व्हायला हवा.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श घरभाडे कायद्यात या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे. दुरुस्ती, पाहणी किंवा करारात लिहिलेले अन्य वाजवी कारण असेल तर किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यायची, तीत दिवस, वेळ आणि कारण नमूद करायचे, सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर प्रवेश करायचा नाही, आणि आग, पूर, भूकंप यांसारख्या संकटात मात्र सूचनेची अट नाही, असा त्याचा आशय आहे. घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने हा कायदा आपोआप कुठेही लागू होत नाही. महाराष्ट्र १९९९ च्या कायद्यावरच चालतो, आणि त्या आदर्श मसुद्यातील इतर तरतुदींविषयी, विशेषतः जुन्या पागडीच्या भाडेकरूंच्या संदर्भात, मुंबईत तीव्र मतभेद आहेत. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत प्रवेशाच्या नियमासाठी थांबून राहण्याचे कारण मला दिसत नाही.

कारण हा नियम आणण्यासाठी विधिमंडळात जाण्याची गरजच नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी प्रणालीतील तयार मसुद्यात पाहणीचे जे कलम आहे, त्यातील ‘वाजवी सूचना’ या शब्दांच्या जागी ठोस मजकूर घालावा, एवढीच माझी मागणी आहे. कलम २८ च्या ते विरुद्ध जात नाही. उलट त्या कलमात मोघम राहिलेले माप दोन पक्षांच्या संमतीने ठरवले जाते. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांनी संमती दिली, तर मी अतिरिक्त अटींच्या रकान्यात पुढील मजकूर घालतो आणि तो जसा आहे तसा इथे देतो: ‘मालक किंवा त्याचा प्रतिनिधी पाहणी, दुरुस्ती अथवा नवीन परवानाधारकास जागा दाखवणे यांसाठी, दिवस, वेळ व कारण नमूद करून, किमान २४ तास आधी मोबाइल संदेशाने सूचना देईल व परवानाधारक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती हजर असतानाच जागेत प्रवेश करील. आग, पाण्याची मोठी गळती, गॅसगळती अशा तातडीच्या प्रसंगी सूचनेविना प्रवेश करता येईल. मात्र त्याची माहिती परवानाधारकास तत्काळ दिली जाईल. परवानाधारक वाजवी कारणाशिवाय प्रवेश नाकारणार नाही.’

यातले शेवटचे वाक्य मी भाडेकरूंच्या नाराजीची पर्वा न करता घालतो. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून खालच्या घरात ओल उतरत असताना ‘आज जमणार नाही, उद्याही नाही’ असे सांगून प्लंबरला आठवडेच्या आठवडे दारातून परत पाठवणारे भाडेकरूही असतात, आणि त्यात खालच्या कुटुंबाचे छत कुजते. सूचना मिळाल्यावर वेळ देणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. सूर्यास्ताच्या अटीविषयीही माझे मत आदर्श कायद्यापेक्षा थोडे निराळे आहे. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील तर ती संध्याकाळी सातनंतरच घरात भेटतात. अशा घरांत सूर्यास्ताची अट पाळायची तर एक तर रजा काढावी लागते किंवा त्यांच्या गैरहजेरीत घर उघडावे लागते. म्हणून माझ्या मसुद्यात मी घड्याळाची वेळ घालत नाही. भाडेकरूची हजेरी घालतो आणि वेळ त्यांनी आपसात ठरवावी असे सुचवतो.

चावीचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. करार होताना टेबलावर साधारण तीन चाव्यांचा जुडगा येतो. दोन भाडेकरूकडे सरकवल्या जातात आणि तिसरी मालकाच्या खिशात परत जाते. ही तिसरी चावी कशासाठी आहे, हे कोणी विचारत नाही. भाडेकरू गावी गेलेला असताना पाण्याचा नळ फुटला तर ती उपयोगी पडते, यात शंका नाही. म्हणून मालकाने चावी ठेवूच नये असे मी म्हणत नाही. पण पंखे, दिवे, गिझर यांची यादी जशी करारास जोडतात, तशीच चाव्यांची संख्या आणि त्या कोणाकडे आहेत हे त्या यादीत लिहावे, मालकाकडची चावी दलालाच्या हाती देऊ नये, आणि ती वापरली गेली तर केव्हा व कशासाठी हे भाडेकरूला त्याच दिवशी कळवावे. बंद खोलीत सामान असेल तर तेही यादीत यावे आणि ते नेण्यासाठीही वरचाच सूचनेचा नियम लागू व्हावा. भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने जादा कडी किंवा आतून लावण्याची साखळी बसवायची असेल, तर तिला हरकत घेण्याचे काही कारण नाही.

याला विरोध करणारे मालक मला विचारतात की, एवढे नियम घातले तर घर भाड्याने कोण देईल? त्यांपैकी अनेकांची मुले लंडनमध्ये किंवा मँचेस्टरमध्ये भाड्याने राहतात. तिथे १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्यानुसार दुरुस्तीच्या पाहणीसाठी येणाऱ्या मालकाला दिवसाच्या वाजवी वेळी आणि २४ तास आधी लेखी सूचना देऊनच यावे लागते, तरी तिथे घरे भाड्याने मिळायची थांबलेली नाहीत. आपल्या मुलीच्या घरात तिचा मालक न सांगता शिरला तर आपल्याला काय वाटेल, असा प्रश्न मी त्यांना विचारतो, आणि अंगठा लावण्यापूर्वी त्यांच्यापैकी बरेच जण वरचा मजकूर मान्य करतात.

अंगठ्याच्या यंत्राबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण सारा प्रश्न त्या काही मिनिटांत अडकलेला आहे. नोंदणीची रीत अशी आहे की लॅपटॉपवर मसुदा उघडलेला असतो, कॅमेऱ्याने फोटो घेतला जातो, यंत्रावर अंगठा उमटवला जातो आणि दोन ओळखदारांचेही तसेच होते. भाडेकरू ऑफिसमधून तासाभराची सवलत घेऊन आलेला असतो, मालकाला पुढे जायचे असते आणि मसुद्याची पाने कोणीच वाचत नाही. ‘नेहमीचाच फॉरमॅट आहे ना?’ एवढेच विचारले जाते. माझ्यासारख्या माणसाने जादा अट सुचवली तर ‘उगाच कशाला वाढवता’ असे म्हणून ती बहुधा गाळली जाते. जी अट छापील मसुद्यात असते ती मुकाट्याने मान्य होते आणि जी मागाहून मागावी लागते ती अविश्वासाची वाटते. मागणाऱ्या भाडेकरूवर पहिल्याच दिवशी भांडखोरपणाचा ठपका येतो. म्हणूनच हे काम एकेकट्या भाडेकरूच्या धीटपणावर सोडता येणार नाही आणि विभागाने स्वतःच मसुद्यात बदल केला पाहिजे. या करारांवर शासन एकूण भाड्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि महापालिका क्षेत्रात १,००० रुपये नोंदणी शुल्क घेते. त्या बदल्यात घरात राहणाऱ्याला एक नेमके वाक्य देणे विभागाला जड जाऊ नये.

नोंदणी महानिरीक्षकांनी या मागणीचा विचार करून, पुढचा हंगाम सुरू होण्याआधी मसुद्यातील पाहणीच्या कलमात २४ तासांची सूचना, कारणाचा उल्लेख आणि भाडेकरूची उपस्थिती या तीन गोष्टी समाविष्ट कराव्यात, तसेच यादीच्या परिशिष्टात चाव्यांसाठी एक रकाना द्यावा, अशी माझी विनंती आहे. मसुदा मराठीतही उपलब्ध असल्याने तो अंगठा लावण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही पक्षांना मोबाइलवर आपोआप मिळेल अशी सोय झाली, तर अधिकच बरे. तोवर, या महिन्यात करार करणाऱ्या वाचकांनी वर दिलेला मजकूर आपल्या एजंटाला दाखवून अतिरिक्त अटींच्या रकान्यात घालून घ्यावा. त्यासाठी जादा मुद्रांक लागत नाही आणि कोणत्याही कार्यालयाची वेगळी परवानगी लागत नाही.

आपला विश्वासू,
भाडेकरार नोंदणीच्या व्यवसायातील एक वाचक,
पुणे